ध्यानात ठेवणाऱ्या बारा नळ्या

आमच्या प्रयोगशाळेत कोणती बाटली कुठं आहे हे एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. चन्नम्मा तिचं नाव. सगळं कॉलेज तिला चन्नक्का म्हणायचं, अगदी प्राचार्यसुद्धा. उचगावहून रोज साडेआठच्या ठोक्याला ती यायची, रस्त्यावरच्या चपला दाराबाहेर काढून आतल्या रबरी स्लिपर घालायची आणि खिडक्या उघडता उघडता नाक वर करून हवा हुंगायची. काल ठेवलेल्या नळ्यांमध्ये कुठे भलताच जंतू शिरला असेल तर तिला तो दारातच कळायचा. आम्ही सूक्ष्मदर्शक काढून, काचपट्टी रंगवून, तासाभराने त्याच निष्कर्षाला यायचो.

मी नंदिनी. त्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात शिकवत होते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. स्वभावाने तापट. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात ह्या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

चन्नक्काचं माहेर संकेश्वरच्या अलीकडचं एक खेडं. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्हीची मिसळ. एकाहत्तर साली लग्न होऊन उचगावात आली. नवरा शिरोलीला फौंड्रीत साचे घालायचा. वाळूची धूळ छातीत बसून त्याने अंथरूण धरलं तेव्हा, एक्याण्णव साली, चार महिन्यांसाठी म्हणून ही कॉलेजात काचसामान धुवायला आली. नवरा उठून पुन्हा कामाला लागला, पण हिचे चार महिने काही संपले नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा तिला इथे दहा वर्षं झाली होती, रोजंदारीवरच.

तिचं धुणं बघण्यासारखं असे. एक नळी साबणाच्या पाण्यातून काढायची, नळाखाली सात वेळा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा. मग ती उलटी धरून खिडकीच्या उजेडात बघायची. पाणी सरळ पडद्यासारखं उतरलं तर नळी स्वच्छ. एखादा थेंब जरी काचेला धरून बसला तरी ती नळी पुन्हा साबणात. "काच लबाड असती मॅडम," ती म्हणायची, "कोरडी झाली की सगळं झाकती. वली असतानाच बघाय लागतं." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात मी नेमकी हीच कसोटी वाचली आणि मला उगाचच हसू आलं.

ऑटोक्लेव्हला ती कुकर म्हणायची आणि जंतूंच्या खाद्याला सार. विभागाचं सगळं टपालही तिच्याच हातून यायचं-जायचं. प्राचार्यांच्या कार्यालयातून पाकिटं आणायची, इकडची तिकडे पोचवायची. त्यामुळे २००६च्या जूनमध्ये बंगलोरहून आलेलं ते पाकीटही तिनेच माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी फोडलं. आत गाळणकागदाचा एक तुकडा, त्यावर पेन्सिलीने काढलेलं रुपयाएवढं वर्तुळ. बाकी काही नाही.

"कोराच कागुद धाडलाय की," चन्नक्का म्हणाली.

कोरा नव्हता तो. त्या वर्तुळात डीएनएचा एक थेंब वाळलेला होता आणि त्या थेंबात माझं पुढचं आयुष्य होतं. सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेने साध्या जंतूच्या पेशीत माणसाने रचलेली आठवण बसवून दाखवली होती. निसर्गाने दिलेली नाही, आराखडा काढून, जनुकं जोडून, माणसाने घडवलेली. मला जनुकांचं तसंच मंडल, म्हणजे सर्किट, आमच्याकडे चालवून बघायचं होतं आणि ती आठवण किती पिढ्या टिकते ते मोजायचं होतं. माझे मार्गदर्शक मगदूम सर ह्याच्या विरुद्धच होते. "आपल्याकडे चोवीस तास वीज नाही, आणि तुम्ही आठवणी सांभाळणार?" असं ते म्हणायचे. शेवटी डिसेंबरअखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर विषय बदलायचा.

ते मंडल मी जंतूत बसवलं तेव्हा चन्नक्काने मला विचारलं, की ह्या नव्या जंतूत विशेष काय. मी फळ्यावर बाण काढायला लागले. पेशीत दोन जनुकं बसवलेली आहेत. पहिलं दुसऱ्याला गप्प करतं, दुसरं पहिल्याला. दोघं एकदम बोलू शकत नाहीत. ज्याचा आवाज चढला तो दुसऱ्याला दाबून धरतो आणि तसाच चढा राहतो. दुसऱ्याच्या जोडीला एक चकाकणारं प्रथिन बांधलेलं आहे, जेलीफिशकडून उसनं घेतलेलं. ते बोलत असेल तर पेशी यूव्ही दिव्याखाली हिरवी दिसते. नसेल तर काळोख.

चन्नक्काने फळ्याकडे क्षणभर बघितलं. "म्हंजी दोन जावा म्हणा की. एका चुलीवरच्या."

"म्हणजे?"

"थोरली बोलाय लागली की धाकटी गप. कवा एखादं पावणं येतंय, थोरलीला दोन शब्द सुनावतंय. तेवढ्यात धाकटी तोंड वर काढती. पावणं जातंय निघून. पर तवापास्नं धाकटीच घर चालवती."

मी खडू खाली ठेवला. आयपीटीजी नावाची साखरेसारखी पांढरी पूड हे आमचं पाहुणं. ती एकदाच द्यायची, काही तासांनी धुऊन काढायची. पूड गेली तरी पेशी उजळलेलीच राहायला हवी, तिच्या लेकी उजळ, लेकींच्या लेकी उजळ. मगदूम सरांना पटवायला मला दोन महिने लागले होते. हिला दोन मिनिटं पुरली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. आठवण लिहायची कशी हे सांगितलं, पुसायची कशी ते सांगितलं नाही. धाकटीचा जो आवाज होता तो उष्णतेला कच्चा होता. बेचाळीस अंशांवर काही तास ठेवलं की तो ढिला पडतो, थोरली पुन्हा वर येते आणि उजेड जातो. ते प्रयोग मी जानेवारीत करणार होते. तेव्हा सांगू, असं मनात होतं. खरं तर तिला सांगण्यासारखं ते आहे असं मला वाटलंच नाही.

एक डिसेंबरला पूड दिली. दुसऱ्या दिवशी धुऊन बारा नळ्या भरल्या, दोन रांगांत सहा-सहा, आणि बत्तीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, चन्नक्काच्या भाषेत पेटीत, ठेवल्या. दारावर 'हात लावू नये' अशी पाटी लावली. रोज सकाळी प्रत्येक नळीतला एक थेंब नव्या साराच्या नळीत. एका दिवसात ह्या पेशींच्या दहा पिढ्या होतात. पूड कधीच वाहून गेली होती. पाचव्या दिवशी मी चन्नक्काला यूव्हीच्या अंधाऱ्या खोलीत नेलं.

त्या खोलीत दिव्याचं एक खोकं, खोक्यावर काच, आमच्या डोळ्यांवर जाडे चष्मे. दिवा लावला. बाराच्या बारा नळ्या हिरव्या. शेजारी पूड न दिलेली एक नळी तुलनेसाठी ठेवली होती, ती काळी ठिक्कर.

"हे वेगळं जंतू?" तिनं विचारलं.

"नाही. तेच. अक्षर न अक्षर तेच. फरक एवढाच, की ह्यांना एकदा पूड दिली होती."

"ह्यास्नी?"

"ह्यांना नाही. ह्यांच्या पन्नास पिढ्या मागच्यांना."

चन्नक्का काचेवर वाकली. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसणारी बाई ती. तिचा उजवा हात नकळत गळ्यातल्या लिंगाकडे गेला. मग म्हणाली, "डोस्कं न्हाय, काळीज न्हाय, डोळं न्हायती. आन् तरीबी ध्यानात हाय ह्यांच्या." मी हे सगळं वाचलेलं, आकृत्या काढलेलं, सेमिनारमध्ये सांगितलेलं. पण त्या हिरव्या उजेडात तिचं तोंड बघताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय हातात धरून उभी आहे. त्यानंतर रोज सकाळी दार उघडलं की आम्ही दोघी आधी त्या खोलीत जायचो. एखाद्या घरात बाळंतीण असली की येणारा-जाणारा आधी पाळण्याशी जातो, तसं.

त्याच सुमाराला संस्थेकडून कागद आला. पाच वर्षांवर रोजंदारीत असलेल्यांची नावं कायम करण्यासाठी मागवली होती. चन्नक्काचा अर्ज मीच भरला. सेवेच्या नोंदीत एकही वाईट शेरा नको, ही अट मीच तिला वाचून दाखवली. "शेरा कशाचा असंल?" ती म्हणाली, आणि तिला तो प्रश्न पडावा ह्याचंच मला हसू आलं. पंधरा वर्षांत तिच्या हातून नळी फुटल्याचीसुद्धा नोंद नव्हती. अर्जावर सही करताना तिने हात पदराला दोनदा पुसला.

सतरा तारखेला रविवार होता. गडहिंग्लजला मावसबहिणीचा साखरपुडा. मी सकाळी सातला येऊन नळ्या नव्या सारात घातल्या आणि बस धरली. सोमवारी सकाळी परत आले ती थेट यूव्हीच्या खोलीत. दिवा लावला.

मागच्या रांगेतल्या सहा नळ्या हिरव्या होत्या. पुढच्या सहा काळ्या.

मी दिवा बंद केला, पुन्हा लावला. चष्मा पुसला. काही फरक नाही. मुदत संपायला तेरा दिवस, आणि अर्ध्या नळ्यांतली आठवण गेलेली. मगदूम सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पहिला विचार आला तो असा, की पुढच्या सहा नळ्या शनिवारी धुतलेल्या नव्या लॉटमधल्या होत्या, मागच्या सहा जुन्या लॉटमधल्या. म्हणजे साबण. म्हणजे धुणं. दुसरा विचार आलाच नाही. मी येऊ दिला नाही.

चन्नक्का सिंकपाशी होती. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहायची माझी तयारी नाही. तुमच्या साबणाने माझी सहा महिन्यांची मेहनत मारली, एवढं तर नक्कीच म्हणाले. विद्यार्थी उभे होते. ती ओला हात तसाच धरून ऐकत राहिली. मध्ये एकदा "मॅडम, ते काल..." असं म्हणाली, पण मी हात वर केला. मग टेबलाशी बसून कागद ओढला आणि प्राचार्यांना लिहिलं: 'काचसामान नीट न धुतल्यामुळे प्रयोगाचे गंभीर नुकसान झाले आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी.' पाकिटात घालून चिकटवलं. आणि विभागाचं टपाल नेहमी जिच्या हातून जायचं तिच्याच हातात दिलं.

"हे प्राचार्यांकडे. आणि त्या बारा नळ्या कुकरला लावा. सगळ्या."

कुकरला लावणं म्हणजे मारून टाकणं.

ती पाकीट घेऊन गेली. मी कपाटाकडे तोंड करून रडले. अर्ध्या तासाने पावलं वाजली. वळून बघितलं तर चन्नक्का नळ्यांचा स्टँड दोन्ही हातांत धरून उभी. बाराही नळ्या तशाच.

"मी न्हाय लावणार कुकरला," ती म्हणाली. "धुण्यात खोट न्हाय. खोट माझ्या हातात हाय."

मी तोंड उघडलं, पण ह्या वेळी स्टँड टेबलावर ठेवून हात तिने वर केला.

"काल लाईट गेलती. सक्काळी आठला गेली ती सांजच्याला पाचाला आली. मी पाण्याचं यंत्र भराय आल्तो. बघतो तर पेटी गार पडलीया. एवढी थंडी, पोरं गारठून मरतील म्हटलं. कुकर गॅसवर चालतोच की. त्याच्या अंगाला डबा ठेवला, डब्यात ह्यास्नी ठेवलं, वरनं माझी शाल टाकली. घरी थंडीत विरजण ठेवतो तसंच. चुलीच्या कडंला, पांघरून घालून. हात लावून बघितलं दर घटकंला. विरजणाला लागती तेवढीच ऊब होती." तिने इन्क्युबेटरकडे बोट केलं. "पेटीवर हात लावू नये म्हणून पाटी हाय. मला वाचता येत न्हाय, पर काय लिवलंय ते ठावं हाय. हात लावला. आता काय लिवायचं ते लिवा."

सासरी येताना तिने माहेरचं विरजण छोट्या पितळी गडव्यात आणलं होतं आणि पस्तीस वर्षं ते एकदाही तुटू दिलं नव्हतं, हे तिने मला पूर्वी सांगितलेलं. मला ते त्या क्षणी आठवलं. पण त्याआधी माझ्या कानात एकच शब्द घुसला होता: कुकर.

"डब्यात कुकरच्या बाजूला कोणती रांग होती?"

"फुडली."

"आणि ती किती गरम होती?"

"हाताला सोसवंल एवढी. जरा जास्तीच."

मी तिचे दोन्ही खांदे धरले. मला हसू येत होतं की रडू, देव जाणे. साबण नव्हता, धुणं नव्हतं, आणि नळ्या विसरल्याही नव्हत्या. पुढच्या सहांना तिने दिवसभर बेचाळीस अंशांची ऊब दिली होती, मागच्या सहांना त्याहून थोडी कमी. पुढच्यांची पाटी पुसली गेली, मागच्यांची तशीच राहिली. जानेवारीत मी करणार होते तो प्रयोग हिने शाल पांघरून आधीच करून ठेवला होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला आत्ता उमगत होती: सहा काळ्या, सहा हिरव्या, पण मध्येच फिक्कट अशी एकही नाही. अर्धवट आठवणारं कुणी नव्हतं. ह्याच एका गोष्टीसाठी तो सारा आराखडा रचलेला होता.

त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. काळ्या नळीत पुन्हा चिमूटभर पूड घातली, हिरव्या नळीतला थेंब नव्या सारात घालून ती नळी पाण्याच्या टाकीत मोजून बेचाळीसवर ठेवली. चन्नक्का स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होती. संध्याकाळी साडेपाचला अंधाऱ्या खोलीत गेलो. काळी होती ती हिरवी होऊ लागली होती, हिरवी होती ती विझत आली होती.

"म्हंजी लिवताबी येतंय, पुसताबी येतंय," ती अगदी हळू म्हणाली. "जित्या जीवात."

"हो."

"मानसानं केलंय हे?"

"माणसाने रचलंय. करतात ते स्वतःच."

ती कितीतरी वेळ त्या नळ्यांकडे बघत राहिली. मीही. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते. एखाद्या मोठ्या देवळात गेलं की आपण आपोआप आवाज खाली आणतो, तसा आमचा आवाज खाली आला होता. मी तशी देवभोळी नाही. पण त्या काचेवर, बोटाएवढ्या पाण्यात, कोट्यवधी जीव एकच गोष्ट धरून बसले होते, रोज मरत होते, रोज जन्मत होते आणि ती गोष्ट सोडत नव्हते. मला त्यापुढे आपण फार लहान आहोत असं वाटलं.

मागच्या सहा नळ्या मी एकतीस डिसेंबरपर्यंत चालवल्या. तीस दिवस, तीनशे पिढ्या. माणसाच्या हिशेबाने सात-आठ हजार वर्षं. शेवटच्या दिवशीही त्या पहिल्या दिवसासारख्याच हिरव्या होत्या. मगदूम सर स्वतः अंधाऱ्या खोलीत आले, दहा मिनिटं एकेक नळी उचलून बघत राहिले आणि मग मला पेढे आणायला सांगितले. चन्नक्काच्या डब्याचा प्रयोग प्रबंधात एक आख्खं प्रकरण झाला. आभारात मी तिचं नाव सगळ्यांत वर घातलं आणि तिला वाचून दाखवलं. "इंग्रजीत चन्नम्मा कसं दिसतं बघू," म्हणत तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

दहा जानेवारीला कार्यालयात काहीतरी सही करायला गेले. कारकून आकाराम म्हणाला, "कायम करायची यादी गेली मॅडम संस्थेकडं. तुमच्या चन्नक्काचं नाव तेवढं न्हाय त्यात. शेरा पडलाय न्हवं."

"कसला शेरा?"

"तुमचाच की. धुण्याचा."

ते पाकीट. अठरा तारखेला सकाळी मी ते लिहिलं, आणि संध्याकाळी साडेपाचला त्या उजेडापुढे उभी राहिले तेव्हा ते माझ्या डोक्यातून पुसून गेलं होतं. पुढचे तेवीस दिवस ते मला एकदाही आठवलं नाही. रोज सकाळी मी तिच्याबरोबर नळ्या बघत होते. पेढ्याचा पहिला तुकडा मी तिच्या तोंडात घातला होता. प्राचार्यांकडे धावले, तक्रार मागे घेतली, नवं पत्र दिलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, यादी गेली, आता पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ अडीच वर्षांनी आली आणि त्या वेळी वयाची अट आली. चन्नक्का त्यात बसत नव्हती.

मी तिला हे सांगितलं नाही. आकारामलाही सांगू नको म्हटलं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत राहिले. तिने कधी विचारलं नाही. रोज तशीच यायची, हवा हुंगायची, नळ्या उजेडाला धरायची. लोडशेडिंग झालं की बर्फाची लादी आणून डीप फ्रीझरमध्ये सारायची, कारण त्यात आमच्या त्या सहा नळ्यांतल्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. तीन वर्षं तिने त्या वितळू दिल्या नाहीत.

२००९च्या डिसेंबरात गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा तिने काम सोडायचं ठरवलं. रोजंदारीला निरोपसमारंभ नसतो. जायच्या आदल्या दिवशी मी फ्रीझरमधली एक कुपी काढली आणि तिला म्हटलं, चन्नक्का, आज थेंब तुम्ही घाला. तिने बर्नर पेटवला, तारेची काडी लाल होईतो तापवली, गार होऊ दिली आणि एका दमात थेंब नव्या सारात सोडला. अठरा वर्षं शेजारी उभं राहून बघितलेलं.

सकाळी आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. दिवा लावला. नळी हिरवी होती. तीन वर्षं गोठून, आणि तरीही.

ती चष्म्याआडून बघत उभी होती. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं, शेरा माझ्यामुळे पडला, तुमची कायमची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि त्याच संध्याकाळी मी ते साफ विसरले.

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पाकीट मीच न्हेलतं न्हवं. आकारामानं फोडून वाचून दावलं माझ्याम्होरंच. म्हणला, अक्का, तुझ्यावरच हाय गं हे."

म्हणजे नळ्यांचा स्टँड हातात धरून ती परत आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. धुण्याची खोटी तक्रार तिच्यावर पडलेली होती आणि त्यावर ती पाटीला न जुमानता हात लावल्याची खरी कबुली घालायला आली होती. कशासाठी, तर मी त्या पोरांना मारू नये म्हणून.

"मग बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असता तर मी त्याच मिनिटाला जाऊन..."

"तवा तुम्ही किती हरखलासा. त्यात कागदाचं कुठं काढू? म्हटलं, मॅडम उद्या जातील आन् कागुद काढून घेतील. उद्या न्हाय तर परवा." तिचा हात चाचपत माझ्या हातावर आला. मॅडम म्हणायची ती मला, पंधराशे वेळा सांगूनही. माहेरच्या भाषेतलं धाकट्या बहिणीचं नाव तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा दिलं. "तुझ्या ध्यानात असंल असं वाटलं गं, तंगी."

हिरवी नळी आमच्या दोघींच्या मध्ये तशीच उजळत होती. थोड्या वेळाने चन्नक्कानेच दिवा बंद केला, दार उघडलं आणि नळी घेऊन इन्क्युबेटरपाशी गेली. आत ठेवायच्या आधी थांबून तिने विचारलं, "बत्तीसच हाय न्हवं?"

मी वाकून आकडा बघितला आणि हो म्हणाले.